नवा भिडू, जुना डाव

सुरुवातीलाच कबूल करतो. माझं शिक्षण धुळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ आणि ‘एकोण’वाले आकडे यांच्याशी माझं कधीच जमलं नाही. मॅगझिनच्या मराठी विभागासाठी तू लिहूनच दाखव, अशी पैज एका मैत्रिणीने लावली म्हणून हा लेख. चुका सापडल्या तर मेसमध्ये भेटा, ज्या दिवशी भरीत-पुरी असेल त्या दिवशी.

विषय तसा जुना आहे, पण आमच्या मनातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्या गॅदरिंगच्या ब्रँचवाईज क्रिकेटमध्ये पहिल्यांदा सहावी टीम उतरली. ती आमची, एआय अँड डेटा सायन्सची. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, ईएनटीसी आणि कॉम्प्युटर या पाचही टीम जुन्या, आणि प्रत्येकीकडे निवडायला चार वर्षांची पोरं. आमची ब्रँचच त्या वर्षी सुरू झालेली. एकूण ६० जण, त्यात मुलं ३८. त्या ३८ मधूनच टीम करायची आणि राखीव खेळाडूही त्यांतूनच काढायचे. पाच सामने खेळलो, पाचही हरलो. सिव्हिलविरुद्ध ३१ वर ऑलआउट झालो तेव्हा कॉमेंट्रीच्या माइकवरून कोणीतरी म्हणालं, “काय भो, डेटा कमी पडला का?” ते वाक्य पुढे वर्षभर मेसच्या लाइनमध्ये ऐकलं.

मी कॅप्टन होतो आणि स्कोअरबुकही माझ्याचकडे होतं. तेव्हा मला खरंच वाटलं होतं की आमची बॅचच भंगार आहे. सुट्टीत घरी गेलो तेव्हा ह्यूस्टनच्या मामाचा फोन आला. त्याला रडगाणं ऐकवलं. तो हसला आणि म्हणाला, “अरे, तुम्ही एक्सपान्शन टीम आहात. आमच्या टेक्सन्सचा पहिला सीझन वाच, मग बोल.” मी वाचला, त्याच्या मागेपुढेही बरंच वाचलं, आणि जे कळलं ते इथे मांडतोय. यंदा आपल्या कॉलेजात सायबर सिक्युरिटीची नवी ब्रँच सुरू झालीय आणि फेब्रुवारीत त्यांची टीम सातवी म्हणून उतरणार आहे. म्हणजे ही फक्त जुनी गोष्ट नाही.

आधी एक फरक समजून घेऊ. लीगच नवी असेल तर सगळेच नवे असतात. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा आठही टीम नव्या होत्या. त्यामुळे राजस्थान रॉयल्स पहिल्याच वर्षी जिंकली याचं कौतुक असलं तरी कोणीतरी नवी टीम जिंकणारच होती. पुण्याच्या नावाने अमेरिकन फुटबॉलचीही एक टीम होती, पुणे मराठाज. २०१२ मध्ये इलाइट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या पहिल्या हंगामात तीच विजेती झाली. पण तिथेही सगळेच त्या खेळात नवखे होते. एक्सपान्शन टीमचं तसं नसतं. लीग आधीपासून चालू असते, चांगले खेळाडू आधीच वाटले गेलेले असतात, आणि तुम्ही उशिरा पंगतीला बसता. पंगतीत उशिरा बसणाऱ्याच्या ताटात काय येतं हे लग्नाला गेलेल्या कोणालाही सांगायला नको.

आता मामाची टीम. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये ह्यूस्टन टेक्सन्स २००२ मध्ये ३२ वी टीम म्हणून आली. मालकाने लीगला ७० कोटी डॉलर दिले होते. खेळाडू मिळवण्यासाठी तिथे ‘एक्सपान्शन ड्राफ्ट’ नावाची पद्धत आहे. जुन्या टीमनी आपले कामाचे खेळाडू राखून ठेवायचे, आणि उरलेल्यांपैकी काही नावं नव्या टीमसमोर ठेवायची. त्या वेळी ३१ टीमनी प्रत्येकी पाच नावं ठेवली. आता तुम्हीच सांगा, तुमच्या ब्रँचने पाच नावं द्यायची म्हटली तर कोणती द्याल? ज्याचा गुडघा गेलाय तो, ज्याचं वय झालंय तो, नाहीतर ज्याचा पगार परवडत नाही तो. टेक्सन्सनी १९ जण घेतले. पहिलं नाव टोनी बोसेली, एके काळी लीगमधला अव्वल दर्जाचा लाइनमन. पण खांदा दुखावलेला. तो टेक्सन्सकडून एकही सामना खेळू शकला नाही.

लाइनमन म्हणजे काय हे सांगितलं नाही तर पुढची गंमत कळणार नाही. या खेळात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू हातात घेऊन मागे सरकतो आणि लांबवर पास फेकतो. तोच टीमचा हिरो, पोस्टरवर त्याचाच फोटो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड माणसं भिंतीसारखी उभी असतात. समोरच्यांना दोन-तीन सेकंद अडवून धरायचं, एवढंच त्यांचं काम. ती भिंत फुटली तर समोरचे येऊन क्वार्टरबॅकला चेंडूसकट खाली लोळवतात. त्याला ‘सॅक’ म्हणतात. टेक्सन्सनी त्या वर्षीच्या कॉलेज खेळाडूंमधून पहिल्या नंबरवर डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक निवडला. हिरो आला, पण भिंत नव्हती. १६ सामन्यांत कार ७६ वेळा सॅक झाला. (शहात्तर. मित्राला विचारून खात्री करून घेतली आहे.) म्हणजे सामन्याला जवळजवळ पाच वेळा. लीगच्या इतिहासातला तो विक्रम ठरला.

आणि मजा म्हणजे पहिला सामना ते जिंकले होते! ८ सप्टेंबर २००२ ला शेजारच्याच डॅलस काउबॉइजना १९-१० असं हरवलं. मामा सांगतो, त्या रात्री ह्यूस्टनमध्ये दिवाळी होती. पुढे हंगाम संपला तेव्हा हिशेब ४ जिंकले, १२ हरले असा होता. त्या चारमधला एक तर मला फारच आवडतो. पिट्सबर्गच्या मैदानावर टेक्सन्सची बॅटिंग म्हणा हवं तर, सगळ्या सामन्यात फक्त ४७ यार्ड पुढे सरकली. तरी ते २४-६ ने जिंकले, कारण त्यांच्या बचावफळीनेच चेंडू हिसकावून तीन वेळा थेट गुण मिळवले. पण अशा जिंकण्यावर हंगाम काढता येत नाही.

त्याआधीच्या नव्या टीमचे हाल याहून वाईट. टँपा बे बुकॅनिअर्स १९७६ मध्ये आली आणि चौदाच्या चौदा सामने हरली. पुढच्या वर्षीही पहिले १२ हरली. लागोपाठ २६ पराभवांनंतर डिसेंबर १९७७ मध्ये पहिला विजय. हे वाचल्यावर मला आमचे पाच एकदम किरकोळ वाटायला लागले.

पण मामाचं ऐकताना माझ्या डोक्यात सारखं येत होतं की आपल्याकडे असं कुठे झालंय? झालंय, आणि पुण्यात झालंय. पुणे वॉरियर्स इंडिया आठवते का? आपण तेव्हा बालवाडीत नाहीतर पहिलीत होतो. स्टाफमधल्या सरांना नक्की आठवत असेल.

२१ मार्च २०१० ला आयपीएलने दोन नव्या टीम विकायला काढल्या. सहारा समूहाने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलरची बोली लावली, रुपयांत सुमारे १,७०२ कोटी. दुसरी टीम कोचीची. जानेवारी २०११ मध्ये बंगळुरूला मोठा लिलाव झाला. त्याआधी जुन्या टीमना चार-चार खेळाडू राखायची मुभा होती. चेन्नईने धोनी-रैनासकट चार राखले, मुंबईने सचिन, हरभजन, पोलार्ड आणि मलिंगा. सगळ्या टीमनी मिळून बाराच जण राखले. बाकी सगळा बाजार नव्या टीमना मोकळा होता, आणि त्यांच्या खिशात पूर्ण ९० लाख डॉलर होते. चार खेळाडू राखणाऱ्यांच्या खिशातले ४५ लाख मात्र आधीच कापले गेले होते. म्हणजे नीट बघितलं तर पुण्यावर नियमांनी काही टेक्सन्सइतका अन्याय केलेला नव्हता. हे मला सुरुवातीला मान्य करायचं नव्हतं, कारण आमची बाजू मांडायला ते सोयीचं नाही. पण आकडे समोर आहेत.

मग पुण्याने केलं काय? रॉबिन उथप्पा २१ लाख डॉलरला, युवराजसिंग १८ लाखांना, अँजेलो मॅथ्यूज साडेनऊ लाख आणि आशिष नेहरा साडेआठ लाख. चौघांत ९० पैकी ५७ लाख संपले. नेहरा दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही. त्याच्या जागी मे महिन्यात सौरव गांगुलीला घेतलं, ज्याला लिलावात कोणीच घेतलं नव्हतं. युवराज कॅप्टन. २ एप्रिलला वर्ल्ड कपची फायनल जिंकून, ३६२ धावा आणि १५ विकेट घेऊन, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू होऊन तो आठवड्याभरात पुण्यासाठी मैदानात उतरला. त्याला कॅन्सर असल्याचं फेब्रुवारी २०१२ मध्ये सगळ्यांना कळलं आणि २०१२ चा हंगाम तो खेळू शकला नाही. त्यामुळे त्याच्या बाबतीत मी तरी काही बोलणार नाही.

पहिला सामना १० एप्रिल २०११ ला पंजाबविरुद्ध. पुणे सात विकेटनी जिंकलं. दुसरा १३ एप्रिलला कोचीविरुद्ध, तोही चार विकेटनी जिंकला. दोन्हीत दोन! टेक्सन्सची डॅलसची रात्र आठवा. त्यानंतर १७ एप्रिल ते ४ मे या काळात लागोपाठ सात सामने हरले. मग मोहालीत पंजाबला आणि हैदराबादेत डेक्कन चार्जर्सला हरवलं, परत दोन हरले आणि शेवटचा सामना अनिर्णित राहिला. १४ पैकी ४ विजय, ९ पराभव, दहा टीममध्ये नववा नंबर. ज्याच्याकडून कोणी फार अपेक्षा केली नव्हती तो लेगस्पिनर राहुल शर्मा मात्र १६ विकेट घेऊन गेला, तेही षटकामागे साडेपाचपेक्षा कमी धावा देऊन, आणि त्याच वर्षी भारताकडून खेळला.

आणि या सगळ्यात टीमला घर नव्हतं. गहुंज्याचं स्टेडियम तयार झालं नव्हतं. ते १ एप्रिल २०१२ ला सुरू झालं. त्यामुळे पहिल्या हंगामातले पुण्याचे ‘घरचे’ सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे नवी मुंबईत. आपल्याकडे समजा धुळ्याची टीम निघाली आणि तिचे घरचे सामने जळगावात ठेवले, तर काय होईल? धुळेकर एसटीत बसतील, पारोळ्यापर्यंत शिव्या घालतील, एरंडोलला चहा पितील, आणि मैदानात पोचल्यावर बघतील की निम्मं पब्लिक समोरच्या टीमचं आहे. (बाय द वे, २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि संभाजीनगर अशा सहा टीम होत्या. खान्देशाचं नावही नव्हतं. केळी आमची, कापूस आमचा, आणि टीम मात्र नाशिकची बघायची! असो.)

पुणे वॉरियर्सचं पुढे काय झालं ते लवकर सांगतो. बोली लावताना ९४ सामने धरले होते, प्रत्यक्षात ७४ झाले, म्हणून पैसे कमी करा असा सहाराचा बोर्डाशी वाद झाला. तो मिटलाच नाही. २०१२ मध्ये टीम शेवटची आली, २०१३ मध्ये शेवटून दुसरी, आणि त्याच वर्षी ती बंद पडली. कोचीची तर एकाच हंगामानंतर.

आता उलट उदाहरण. २०२२ मध्ये आयपीएलमध्ये परत दोन नव्या टीम आल्या, गुजरात टायटन्स आणि लखनौ. या वेळी नियम थोडा बदलला. जुन्या टीमनी चारपर्यंत खेळाडू राखले, पण लिलावाच्या आधीच नव्या टीमना उरलेल्यांमधून तीन-तीन खेळाडू निवडू दिले. गुजरातने हार्दिक पंड्या, राशिद खान आणि शुभमन गिल घेतले. एक ऑलराउंडर, एक बॉलर आणि एक ओपनर. बाकीची टीम या तिघांभोवती लिलावात भरली. लीगमध्ये १४ पैकी १० जिंकून पहिला नंबर, आणि २९ मे २०२२ ला अहमदाबादेत राजस्थानला सात विकेटनी हरवून पहिल्याच हंगामात कप. त्यांचा हेड कोच कोण होता माहीत आहे? आशिष नेहरा. २०११ मध्ये पुण्याच्या पहिल्या हंगामात ज्याला एकही सामना खेळता आला नव्हता, तोच.

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझं स्कोअरबुक पुन्हा काढलं. आधी सांगितलं ना, मला वाटायचं बॅच भंगार आहे. तसं नव्हतं. इलेक्ट्रिकलकडून आम्ही चारच धावांनी हरलो होतो, आणि त्या सामन्यात ११ बाय दिले होते. पाच सामन्यांत मिळून ५३ बाय! आमच्याकडे विकेटकीपरच नव्हता. आपलं ग्राउंड काळ्या मातीचं, फेब्रुवारीत भेगा पडायला लागतात, टेनिस बॉल कुठे उडेल सांगता येत नाही. रोज कोणीतरी वेगळा मागे उभा राहायचा आणि बॉल बाउंड्रीकडे जाताना बघायचा. म्हणूनच तर मेकॅनिकलचे दादा लोक आम्हाला ‘बाय-बाय’ म्हणायचे. आणि त्याच वेळी आम्ही वर्गणी काढून मागे नावं छापलेल्या जर्सी मागवल्या होत्या, प्रत्येकी साडेतीनशे रुपये. दोन फास्ट बॉलर होते म्हणून आम्ही खूश होतो. बॉल जितका फास्ट, बाय तितके जास्त, हे फ्लुइड मेकॅनिक्स न शिकताही कळायला हवं होतं. टेक्सन्सला भिंत नव्हती, आम्हाला कीपर नव्हता. दोघांकडे हिरो मात्र होते.

मग चूक आमची की नियमाची? माझं मत, दोन्ही. जर्सीआधी कीपर शोधायला हवा होता ही आमची चूक. पण ३८ पोरांत कीपर असायलाच हवा असं काही नाही, आणि १२०-१५० मुलं असलेल्या ब्रँचच्या बेंचवर तेव्हा दोन-दोन कीपर बसून होते. त्यातल्या एकाला अख्ख्या स्पर्धेत एकही सामना मिळाला नाही. तो आमच्याकडून खेळला असता तर त्याच्या ब्रँचचं काय गेलं असतं? नियम होता की आपापल्या ब्रँचकडूनच खेळायचं. हा नियम पाच सारख्या आकाराच्या ब्रँच होत्या तेव्हा बरोबर होता. सहावी आली तेव्हा कोणी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी ज्युनिअर आले, त्यात चोपड्याचा एक पोरगा कीपर निघाला, आणि आम्ही दोन सामने जिंकलो. एवढंच.

म्हणून यंदा आम्ही स्पोर्ट्सच्या सरांना अर्ज दिलाय. सायबर सिक्युरिटीसाठी, फक्त पहिल्या वर्षापुरता. प्रत्येक जुन्या ब्रँचने आपले नऊ खेळाडू राखून ठेवायचे. उरलेल्यांपैकी प्रत्येक ब्रँचमधून एक खेळाडू नव्या टीमने निवडायचा, तो तयार असेल तर. म्हणजे जास्तीत जास्त सहा जण बाहेरचे, बाकीचे पाच त्यांचेच. मेकॅनिकलच्या कॅप्टनने मीटिंगमध्ये विचारलं, “भो, आपल्या ब्रँचविरुद्ध खेळायचं? निष्ठा नावाची काही गोष्ट आहे का नाही?” प्रश्न चुकीचा नाही. यावर मी एवढंच म्हणालो की बेंचवर बसून बाटल्या नेऊन देणाऱ्याला एकदा विचारून बघा. सिव्हिलवाले तयार आहेत, कॉम्प्युटर विचार करतंय. ईएनटीसीचं म्हणणं नऊऐवजी अकरा राखू द्या. म्हणजे टेक्सन्ससारखंच उरलंसुरलं!

सरांनी अर्ज शांतपणे वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, “ठीक आहे, पुढच्या मीटिंगला घेऊ. पण आता तुमचीही जुनी ब्रँच झाली. तुमचे नऊ कोण, ते शनिवारपर्यंत लिहून द्या.”

हे मी धरलंच नव्हतं. तीन बॅचची मिळून आमच्याकडे आता १०० च्या वर मुलं आहेत. कागद घेऊन बसलो. पहिलं नाव चोपड्याच्या कीपरचं लिहिलं, त्यावर वाद नाही. आठ नावं झाली. नवव्या जागेसाठी दोघंच उरलेत. एक मी, ज्याच्या पहिल्या हंगामातल्या एकूण धावा १४ आहेत. दुसरा माझा रूममेट, जो त्या पाचही सामन्यांत ओपनिंगला गेला होता. त्याला यादीबद्दल कोणीतरी सांगितलेलं दिसतंय, कारण तो सकाळपासून मला स्वतःच्या पैशाने चहा पाजतोय.